बरगड्या दिसतात म्हणजे उपाशी?

कुत्र्याच्या बरगड्या दिसल्या की आपल्याकडे हमखास दोन माणसं पुढे येतात. एक जण खिशातून बिस्किटाचा पुडा काढतो, दुसरा मोबाइल. पहिला पुडा फोडतो, दुसरा ‘बिचाऱ्याला कुणी खायला देत नाही’ म्हणून रील टाकतो. गल्लीतल्या कुत्र्यापुरतं हे एक वेळ ठीक. पण उद्या दादर स्टेशनवर पोलिसांच्या कुत्र्याच्या बरगड्या दिसल्या तर?

हा ‘उद्या’ फार लांब नाही. २६ जानेवारी २०२६ च्या संचलनात लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरचं खास प्राणीपथक होतं. उंट, झंस्कारी तट्टू, शिकारी पक्षी आणि त्यांच्यासोबत देशी जातींचे कुत्रे : मुधोळ हाउंड, रामपूर हाउंड, चिप्पीपराई, कोंबई, राजपलायम. त्याआधी ऑक्टोबर २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या ‘रिया’ या मुधोळ कुत्रीचं नाव घेतलं. अखिल भारतीय पोलिस ड्यूटी मीटमध्ये विदेशी जातींना मागे टाकून तिने पहिला नंबर काढला होता. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये पोलिस कुत्र्यांसाठी ‘के-नाइन सेल’ स्थापन केला, तेव्हापासून देशी कुत्रे दलात आणण्याची चर्चा जोरात आहे. म्हणजे लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड बघायची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना येत्या काही वर्षांत वेगळा कुत्रा बघावा लागणार.

मुधोळ गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. पण सीमेच्या अलीकडे कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या पोरांना असा कुत्रा ‘कारवान’ नावानेही ठाऊक असतो. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, चाबकासारखी कंबर. धावतो तेव्हा वाऱ्याशी भांडतोय असं वाटतं आणि उभा राहिला की बरगड्या मोजता येतात. मुंबईच्या एखाद्या काकूने बघितला तर पहिला प्रश्न हाच असेल, ‘अहो, याला जेवायला घालता की नाही?’

काकूंचा डोळा चुकलेला आहे, आणि एकट्या काकूंचाच नाही. गुबगुबीत कुत्रा म्हणजे निरोगी कुत्रा हे समीकरण आपण लहानपणापासून घोकलंय. घरातल्या बाळाला जसं ‘अंगाने भरलंय’ म्हणून कौतुकानं उचलतात, तसंच कुत्र्याचं. वर पाळीव कुत्र्यांमध्ये जाडेपणा एवढा सर्रास झालाय की योग्य वजनाचा कुत्रा समोर आला की तोच आजारी वाटतो. काम करणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र या चुकलेल्या नजरेची किंमत कुत्र्याच्या सांध्यांपुरती राहत नाही. ती आपल्या सुरक्षेपर्यंत येते.

योग्य वजन म्हणजे किती, याला किलोमधलं एकच उत्तर नाही. लॅब्रॅडॉर नर साधारण २९ ते ३६ किलोचा, जर्मन शेफर्ड नर ३० ते ४०, बेल्जियन मॅलिनॉ २५ ते ३०. पण एकाच जातीतले दोन कुत्रे हाडापेराने वेगळे असतात; ३२ किलोला एक फिट्ट असेल, दुसरा चक्क ढोला. म्हणून पशुवैद्य काट्याच्या जोडीला ‘बॉडी कंडिशन स्कोअर’ वापरतात. १ ते ९ अशी पट्टी. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे चालतं पिंप. ४ आणि ५ आदर्श. त्यापुढचा प्रत्येक आकडा म्हणजे अंगावर साधारण १० ते १५ टक्के जादा वजन.

हा स्कोअर द्यायला लॅब लागत नाही (टेस्टवाली लॅब म्हणतेय, कुत्रा तर लागेलच). हात आणि डोळे पुरतात. कुत्र्याला वरून बघा : बरगड्यांच्या मागे कंबर दिसली पाहिजे. बाजूने बघा : छातीपासून मागच्या पायांकडे जाताना पोट वर चढत गेलं पाहिजे. मग बरगड्यांवरून हात फिरवा. आता स्वतःच्या हाताकडे या. मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या तशा टोचत असतील तर कुत्रा जास्तच बारीक. हात उघडून तळव्याच्या गुबगुबीत भागावर बोट दाबा. बरगड्या तशा शोधाव्या लागत असतील तर कुत्रा जाड. आणि हात सरळ पसरून त्याची मागची बाजू चाचपा. हाड पटकन लागतं, वर पातळसा थर असतो. बरगड्या अशा लागल्या पाहिजेत. मुधोळ, ग्रेहाउंड अशा धावऱ्या जातींमध्ये शेवटच्या काही बरगड्या नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, आणि ते तसंच असायला हवं.

आता बारीक असणं एवढं महत्त्वाचं का, हे कळायला कुत्र्याचं काम समजून घ्यावं लागेल. बॉम्ब शोधणारा कुत्रा नाकाने काम करतो, आणि नाकाचा मोठा शत्रू आहे धाप. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. येतो तो जेमतेम पंज्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकणं. पण धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. इस्रायलमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांना आधी दमवलं आणि मग शोधायला लावलं. धापा जितक्या वाढल्या, तितकं शोधकाम ढासळलं. चरबी हे अंगावर घातलेलं स्वेटर आहे. ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि वरून प्रत्येक पावलाला ओझं वाढवतं. म्हणजे पाच किलो जास्त असलेला कुत्रा लवकर तापणार, लवकर धापा टाकणार, आणि धापा टाकत टाकत एखाद्या बॅगेजवळून तसाच पुढे निघून जाणार.

यात मुंबईची हवा आणखी भर घालते. धापेतून गारवा मिळतो तो जिभेवरच्या ओलाव्याचं बाष्पीभवन होतं म्हणून. हवेतच दमटपणा भरलेला असेल तर बाष्पीभवन मंदावतं. ऑक्टोबरातली दुपार, किंवा भाद्रपदातल्या गर्दीत लालबाग-परळच्या नाहीतर किंग्ज सर्कलच्या गणपती मंडपात चाललेली तपासणी डोळ्यांसमोर आणा. हॅलोजनचे दिवे, जनरेटरचा धूर, हजारो माणसांचा घाम, फुलं, कापूर, वडापावचा वास. त्या सगळ्यातून कुत्र्याने एकच वास वेगळा काढायचा. आपण रांगेत दहा तास उभं राहिलो याचं स्टेटस टाकतो. त्याच्या शिफ्टचं स्टेटस कोण टाकणार?

डोंगरावर तर हिशेब आणखी सरळ आहे. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. रात्रीच्या पावसात, चिखलाच्या पायवाटेने चढून जायचं होतं. त्या चढणीत बचावासाठी निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. एनडीआरएफच्या माणसांसोबत कुत्रेही वर गेले. माणूस असो वा कुत्रा, तिथे वर पोहोचेपर्यंतच दम संपला तर ढिगाऱ्यावर जाऊन करणार काय? शिवाय अशा कामात हॅण्डलरला कुत्रा उचलावा लागतो, भिंतीवरून पलीकडे द्यावा लागतो, दोरीने उतरवावा लागतो. जगभरच्या दलांनी जर्मन शेफर्डऐवजी हलका मॅलिनॉ घ्यायला सुरुवात केली, त्यामागे हेही एक कारण आहे.

मुंबईने आपल्या कुत्र्यांवर प्रेम केलंय, यात शंका नाही. इथलं पोलिस श्वान पथक १९५९ सालचं, तीन डॉबरमनपासून सुरू झालेलं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ‘झंजीर’ नावाच्या लॅब्रॅडॉरने शहराला अक्षरशः वाचवलं. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब असं त्याच्या खात्यावर सांगितलं जातं. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. २६/११ च्या वेळी मॅक्स, सीझर, टायगर आणि सुलतान हे चौघे होते. चौघेही निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक गेले. प्रत्येकाच्या जाण्याची बातमी झाली, फोटो छापून आले, आपण हळहळलो.

पण जरा थांबून बघा, पोलिस कुत्र्यांच्या कोणत्या बातम्या होतात? नवीन पिल्लं आली, पदक मिळालं, निवृत्त झाला, गेला. मधल्या आठ-नऊ वर्षांत त्याला दर महिन्याला काट्यावर कोण उभं करतं, स्कोअर ५ चा ६ झाला तर रेशन कोण कमी करतं, हॅण्डलर बदलला की नव्याला जुनी नोंद मिळते का, हे कुणी विचारत नाही. बंदूक तेल घालून ठेवली का याची तपासणी असते. कुत्र्याचं वजन ही तशीच तपासणी आहे. आणि माझं मत विचाराल तर ती सार्वजनिक असायला काहीच हरकत नाही. कुत्र्याची कंबर हे काही राष्ट्रीय गुपित नव्हे.

लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तर ही नोंद जास्तच गरजेची, कारण हा प्राणी जन्मजात भुकेला आहे. हे थट्टेत म्हणत नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रॅडॉरमध्ये ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकात एक तुटलेला तुकडा सापडला. पोट भरलं हा निरोप मेंदूपर्यंत पोहोचवायच्या कामात या जनुकाचा हात असतो. तो बिघाड साधारण दर चार लॅब्रॅडॉरमागे एकात असतो. गंमत पुढे आहे : अपंगांना मदत करण्यासाठी निवडलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये हेच प्रमाण पाऊणच्या आसपास निघालं. खाऊसाठी काहीही करायला तयार असलेला कुत्रा शिकवायला सोपा, म्हणून माणसानं नकळत भुकेलेच निवडले. २०२४ च्या पुढच्या अभ्यासात कळलं की या कुत्र्यांना भूक जास्त लागतेच, शिवाय आराम करताना त्यांची ऊर्जाही जवळपास २५ टक्के कमी खर्च होते. दोन्हीकडून मार. ज्या गुणामुळे नोकरी लागली, तोच गुण वजन वाढवणार.

त्यात आपला एक गैरसमज. ‘कामाचा कुत्रा आहे, भरपूर खायला हवं.’ अलास्कात बर्फावर घसरगाडी ओढणारा कुत्रा शर्यतीच्या दिवसांत रोज १० हजार कॅलरींच्या आसपास संपवतो, तिथे हे खरं. पण स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याची मेहनत वेगळी असते. तो थोडा वेळ एकाग्र होऊन काम करतो, मग विश्रांती, मग पुन्हा काम. दिवसाचा बराच भाग गाडीत, केनलमध्ये, वाट बघण्यात. व्हीआयपी दौरा रद्द झाला तर तेवढंही नाही. डोकं दमतं, कॅलरी मात्र त्या मानाने जळत नाहीत. परीक्षेच्या महिन्यात दिवसभर खुर्चीत बसून ‘अभ्यास करतोय’ म्हणून रात्री दोनदा मॅगी खाणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

आता शीव कोळीवाड्यात या. हार्बर लाइनवरचं जुनं ‘कोळीवाडा’ स्टेशन आता गुरु तेग बहादूर नगर झालंय. कोळ्यांची मूळ वस्ती, फाळणीनंतर आलेल्या पंजाब्यांची वसाहत आणि या दोन्हींच्या डोक्यावर चढत चाललेले पुनर्विकासाचे टॉवर. अशा टॉवरमध्ये ४०० चौरस फुटांच्या घरात लॅब्रॅडॉर असतो. लिफ्टने खाली, खांबाशी पाय वर, लिफ्टने वर. आजोबा चहात बुडवलेलं बिस्किट देतात, आई पोळीचा शेवटचा तुकडा देते, दादा चिकनची कातडी देतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपणच तेवढं देतो. गणित करून बघू. ३० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या घरगुती कुत्र्याला चालणं-फिरणं धरून १,४०० च्या आसपास. ५० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटं म्हणजे जवळपास सव्वादोनशे कॅलरी. चहाच्या दोन वेळांतच दिवसाच्या कोट्यातला सहावा भाग उडाला, आणि त्याचं जेवण अजून व्हायचंच आहे.

त्याच बिल्डिंगच्या खाली गल्लीतला कुत्रा. त्याच्याकडे कार्ड नाही, गणवेश नाही. पण रात्री दोनला अनोळखी पाऊल वाजलं की पहिला तोच भुंकतो. ‘कोळीवाडा’ हे नाव ज्या तळलेल्या कोळंबीला मिळालं ती याच वस्तीतली, तेव्हा खाण्यापिण्याची इथे ददात नाही. १५ किलोच्या कुत्र्याची पडून राहण्याची गरज आहे सव्वापाचशे-साडेपाचशे कॅलरी. सकाळी एक ताई दूधभात घालते, दुपारी दुकानदार बिस्किटं, रात्री कॉलेजच्या मुलांचा ग्रुप चिकन-भात. कुणालाच दुसऱ्याचं माहीत नाही. त्यात नसबंदी झाली की शरीराची गरज आणखी उतरते. परिणामी कोपऱ्यावरचा लाडका कुत्रा ढिम्म पडून, आणि दोन गल्ल्या पलीकडे बांधकामाच्या पत्र्यामागे एखादी व्यालेली कुत्री खरंच उपाशी. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर वाटेल तिथे खायला घालण्याला मनाई करून प्रत्येक वॉर्डात ठरावीक जागा करायला सांगितलं. त्यावरून श्वानप्रेमी विरुद्ध रहिवासी असं जोरदार भांडण झालं, अजून चालू आहे. पण ठरावीक जागेचा एक फायदा दोन्ही बाजूंच्या गोंगाटात हरवला : एका जागी, एका वेळी खाणं झालं तर कोण किती खातं हे दिसतं. कोण जाड होतोय, कोण अचानक वाळतोय, हे ओळखता येतं.

वाळणं हीसुद्धा तेवढीच मोठी गोष्ट आहे, नाहीतर ‘बारीक म्हणजे फिट’ असा उलटा गैरसमज व्हायचा. पाठीचे मणके आणि कमरेची हाडं वर आलेली, मांडीचं मांस झडलेलं, केस निस्तेज, तर तो कुत्रा आजारी आहे; जंत असतील, किडनी असेल, दात दुखत असतील. मुधोळच्या बरगड्या दिसतात, पण त्याच्या मांड्या बघा, दगडासारख्या असतात. चरबी आणि स्नायू हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि काटा दोन्ही एकत्र मोजतो. म्हणून नुसता काटा पुरत नाही, हात लागतो.

भूक लागलेल्या डोळ्यांकडे बघून हात आखडता घेणं कठीण असतं, हे मान्य. त्यासाठी एक जुना प्रयोग माहीत असावा. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या केल्या, एकाच वेतातल्या भावंडांच्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, आयुष्यभर. २००२ मध्ये निष्कर्ष आला : कमी खाणारी भावंडं सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली, ११.२ वर्षांऐवजी १३. सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठत होती. जास्त खाणारी पिल्लं काही पिंपं नव्हती. आपल्या सोसायटीत ‘मस्त आहे हं तब्येत’ म्हणावं अशीच होती.

निवृत्त पोलिस कुत्र्याला दत्तक घ्यावं असं अनेक तरुणांना वाटतं, ते चांगलंच आहे. तिथे हा आकडा आधी आठवावा. आठ-नऊ वर्षं ठरल्या वेळी धावलेला, ठरल्या वेळी जेवलेला कुत्रा घरी येतो. काम एका दिवसात थांबतं, भूक थांबत नाही. ‘देशासाठी एवढं केलंय, आता खाऊ दे’ म्हणून त्याच्यापुढे वाडगं भरलं जातं, आणि आधीच झिजलेल्या गुडघ्यांवर सहा महिन्यांत चार किलो चढतात. आणताना हॅण्डलरकडून तीन गोष्टी मागून घ्या : शेवटच्या वर्षातलं वजन, रोजचं मोजून दिलेलं खाणं आणि बक्षीस म्हणून काय द्यायचे. बहुतेकदा उत्तर ‘चेंडू’ असतं. चेंडूत शून्य कॅलरी.

घरच्या घरी वजन करायचं तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. ३० किलोचा लॅब्रॅडॉर उचलून काटा स्थिर होईपर्यंत उभं राहता आलं, तर तुमचाही फिटनेस तपासून होतो. नाहीतर कुठल्याही बऱ्या प्राणी दवाखान्यात जमिनीलगतचा काटा असतो. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला २०२४ पासून टाटांचं रुग्णालय आहे. महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, जेवणाआधी. आणि तारीख टाकून आकडा लिहून ठेवायचा, मोबाइलमध्ये ठेवला तरी चालेल.